जुन्या मोटारीच्या मूळ रेडिओवर मोबाइलमधील गाणी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आमच्या घरची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी माझ्या सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात ठाण्यातील एका दुकानात कॅसेट प्लेअर बसवून घेण्यासाठी दिली होती. तेथील कारागिराने नव्या यंत्राच्या १८० गुणिले ५० मिलिमीटरच्या चौकटीसाठी डॅशबोर्डाचा मूळ पत्रा कापला आणि जुना, दोन खुंट्यांचा रेडिओ खोक्यात घालून परत दिला. कॅसेट प्लेअर काही वर्षांत बंद पडला. कापलेला पत्रा मात्र तसाच राहिला. पुढे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्या जागेचा अखंड पत्रा मिळेपर्यंत मला दोन वर्षे खेपा घालाव्या लागल्या. माळ्यावरून काढलेला रेडिओ त्या पत्र्यात पुन्हा बसला, तेव्हा त्यावर मोबाइलमधील गाणीही वाजावीत, परंतु त्यासाठी गाडीत किंवा रेडिओत काहीही कायमचे बदलू नये, असे मी ठरवले. हा लेख त्याच पद्धतीचा आहे: रेडिओचा स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि स्वतःचा स्पीकर वापरायचा, आवाज बाहेरून आत पोहोचवायचा आणि मनात आले तर एका संध्याकाळी सारे पूर्ववत करता येईल, असेच काम करायचे.

या अटीला व्यावहारिक कारणही आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन अशी व्याख्या आहे. त्या व्याख्येचा रोख चॅसिस, बॉडी आणि इंजिनावर आहे, रेडिओवर नाही. तरीही जुन्या मोटारींच्या मेळाव्यात जाणकार माणूस गाडीत डोकावला, की त्याची नजर आधी डॅशबोर्डावर जाते, हा माझा अनुभव आहे.

हत्यारे हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात

पहिली गोष्ट म्हणजे गाडीच्या बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे. पद्मिनीसारख्या गाड्यांत ऋण टोक बॉडीला असते आणि आजची सगळी उपकरणे तसेच गृहीत धरून बनवलेली असतात. मात्र ब्रिटिश घडणीच्या अनेक मोटारींत साठच्या दशकापर्यंत धन टोक बॉडीला जोडण्याची रीत होती आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या सुरुवातीच्या ॲम्बेसेडर गाड्यांचे मालक असाल तर ही तपासणी मुळीच टाळू नये. कागदपत्रांवर किंवा ऐकीव माहितीवर विसंबू नये, कारण चाळीस-पन्नास वर्षांत कोणीतरी जोडणी उलटवलेली असू शकते. बॉनेट उघडून बॅटरीची जाड केबल कोठे जाते ते स्वतः पाहावे आणि मल्टिमीटरने खात्री करावी. त्यानंतर रेडिओच्या खोक्यावरील पट्टी वाचावी. काही रेडिओंना मागे ध्रुव बदलण्याचा खटका किंवा उलटा बसवता येणारा प्लग असतो; तो गाडीशी जुळलेला नसेल आणि तसाच विद्युतप्रवाह दिला, तर आतील ट्रान्झिस्टर क्षणात जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे रेडिओ व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) आहे की ट्रान्झिस्टरचा. संपूर्ण ट्रान्झिस्टरचे मोटार-रेडिओ १९५५ च्या सुमारास अमेरिकेत प्रथम आले. त्याआधीच्या रेडिओंमध्ये व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर वापरून बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टपासून सुमारे दोनशे व्होल्टचा दाब तयार केला जात असे. चालू केल्यावर रेडिओतून बारीक गुणगुण येत असेल आणि आवाज सुरू व्हायला अर्धा मिनिट लागत असेल, तर तो व्हॉल्व्हचा समजावा. असा रेडिओ नवशिक्याने उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. बंद केल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) जिवाला धोका पोहोचवू शकेल इतका दाब शिल्लक राहू शकतो आणि त्यातील मेणकागदाचे जुने कपॅसिटर गळके झालेले असण्याचीच शक्यता अधिक असते. ठाण्यात एकेकाळी मर्फी रेडिओचा कारखाना होता. अशा कारखान्यांतून किंवा त्या काळच्या दुरुस्तीच्या दुकानांतून हात तयार झालेली काही वडीलधारी मंडळी अजून भेटतात. व्हॉल्व्हचे काम त्यांच्याकडे सोपवावे आणि त्यांच्या शेजारी बसून पाहावे. पुढील सर्व पायऱ्या केवळ बारा व्होल्टच्या ट्रान्झिस्टर रेडिओसाठी आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे रेडिओवर कोणत्या लहरी आहेत. आपल्याकडील जुन्या मोटार-रेडिओंपैकी बरेच केवळ मध्यम लहरींचे किंवा मध्यम आणि लघु लहरींचे आहेत. सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचा एफएम ट्रान्समीटर अशा रेडिओवर कधीही ऐकू येणार नाही, कारण तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो आणि रेडिओ ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकतो. शिवाय दोघांची संकेत वाहून नेण्याची तऱ्हाच वेगळी आहे. ऐंशीच्या दशकातील एफएम असलेल्या रेडिओवर तो चालेल. पण मुंबईच्या आसमंतात ९१.१, ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३, १००.७, १०७.१ अशी केंद्रे दाटीने बसलेली असल्याने मोकळी जागा शोधणे अवघड जाते आणि घोडबंदर रस्त्यावर नीट ऐकू येणारे गाणे वाशीला पोहोचेपर्यंत दुसऱ्या केंद्राच्या आवाजाखाली दबते. कॅसेट प्लेअरसह असलेला रेडिओ असेल तर कॅसेटच्या आकाराचा ॲडॅप्टर घ्यावा आणि पुढचे काहीही करू नये. त्याहून सोपा आणि निरुपद्रवी उपाय नाही.

आवाज कोठून आत न्यायचा

रेडिओ ज्या मार्गाने काम करतो तो थोडक्यात समजून घेतला, तर पुढचे काम आंधळेपणाने होणार नाही. ॲरियलवरून आलेला संकेत निवडला जातो, वाढवला जातो आणि डिटेक्टर नावाच्या टप्प्यावर त्यातून ध्वनीचा संकेत वेगळा होतो. तेथून तो आवाजाच्या कळीच्या वरच्या टोकाला येतो. कळ फिरवू तेवढा भाग पुढे ॲम्प्लिफायरकडे जातो आणि शेवटी स्पीकरकडे. म्हणजे आवाजाची कळ हा रेडिओच्या ‘ऐकणाऱ्या’ आणि ‘बोलणाऱ्या’ अर्ध्या भागांमधला सांधा आहे. मोबाइलचा संकेत आपण याच सांध्यावर द्यायचा. यात दोन लाभ आहेत. डॅशबोर्डावरील मूळ कळीनेच आवाज कमी-जास्त करता येतो. आणि मध्यम लहरींवर ध्वनीचा वरचा पट्टा चार-पाच किलोहर्ट्झच्या पुढे फारसा येत नाही, ती मर्यादा ‘ऐकणाऱ्या’ भागाची असल्याने ती टळून गाणे त्याच रेडिओवर अधिक मोकळे वाजते.

रेडिओ बाहेर काढणे आणि टेबलावर तपासणे

बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक सर्वांत आधी सोडवावे. त्यानंतर पुढच्या मुठी काढाव्यात. काही ओढल्यावर निघतात, काहींच्या बाजूला बारीक स्क्रू असतो, म्हणून जोर लावण्यापूर्वी आरसा धरून पाहावे. खुंट्यांवरील नट आणि मागील आधारपट्टीचा बोल्ट सोडवला की रेडिओ खाली उतरतो. प्रत्येक वायर काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून ती वायरला गुंडाळावी. वीजपुरवठा, डायलचा दिवा, स्पीकरच्या दोन वायरी आणि ॲरियलचा प्लग एवढेच साधारणपणे असते.

तपासणीसाठी घरच्या यूपीएसमध्ये असते तशी बारा व्होल्टची सात अँपिअर-अवरची बॅटरी पुरेशी आहे. पहिल्यांदा पुरवठा देताना मालिकेत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. आत कोठे शॉर्ट असेल, तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. बल्ब मंद राहिला आणि स्पीकरमधून खरखर आली, तर बल्ब काढून एक किंवा दोन अँपिअरचा काचेचा फ्यूज लावावा. स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ कधीही चालू करू नये. स्पीकर बदलायचाच असेल, तर मूळ स्पीकरवर जितके ओहम लिहिले आहेत तितक्याच ओहमचा घ्यावा, कारण आठ ओहमच्या जागी चार ओहमचा लावल्यास जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर ताण येऊन ते तापतात.

जोडणीला हात घालण्यापूर्वी रेडिओ स्वतः व्यवस्थित वाजला पाहिजे. ५५८ किंवा १०४४ किलोहर्ट्झ या आकाशवाणी मुंबईच्या खुणांभोवती काटा फिरवून पाहावा. आवाज दबलेला किंवा घोगरा असेल, तर जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. ते तितक्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचे बसवावेत. कळ फिरवताना खरखर होत असेल, तर तिच्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ती वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवावी. सोल्डरिंगसाठी पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. ट्रान्झिस्टरजवळ काम करताना त्याच्या पायाला पक्कडीचे टोक लावून ठेवावे, म्हणजे उष्णता पक्कडीत जाते.

कळीवरील जोडणी

हा भाग सावकाश वाचावा, कारण बहुतेक बिघाड येथेच होतात. आवाजाच्या कळीला तीन पाय असतात. काहींना टोनसाठी चौथा असतो, आणि चालू-बंद खटक्याचे दोन वेगळे पाय मागे असतात. पुरवठा बंद ठेवून कळ पूर्ण डावीकडे फिरवावी. मधला पाय आणि ज्या टोकाचा पाय यांच्यामध्ये मल्टिमीटरवर रोध (रेझिस्टन्स) शून्याजवळ येतो, ते खालचे टोक. उरलेले ते वरचे, म्हणजे आपल्याला हवे असलेले टोक. वरच्या आणि खालच्या टोकांमधील रोध लिहून ठेवावा. जर्मेनियमच्या काळातील रेडिओत तो बऱ्याचदा पाच ते दहा किलो-ओहम असतो.

आता रेडिओ चालू करून खालचे टोक आणि धातूचे खोके यांच्यातील डीसी व्होल्टेज मोजावे. शून्य आले तर काम सरळ आहे. काही व्होल्ट आले तर समजावे की या रेडिओतील ध्वनीची ‘जमीन’ आणि खोके एक नाहीत. जुने पीएनपी ट्रान्झिस्टर धन पुरवठ्याला आधार मानून काम करीत, त्यामुळे असे घडते. अशा रेडिओला, तसेच धन टोक बॉडीला असलेल्या प्रत्येक गाडीला, मोबाइलची वायर थेट जोडू नये. मध्ये ६००:६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा. त्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये विजेचा संबंध नसतो, फक्त आवाज पलीकडे जातो. हा ट्रान्सफॉर्मर विसरून मोबाइल त्याच वेळी गाडीच्या चार्जरला लावला, तर बारीक ऑडिओ वायरीतून थेट शॉर्ट होण्याचा धोका असतो. मी तर सरळ असलेल्या रेडिओतही तो लावतो, कारण त्यामुळे पुढे सांगितलेली शिट्टीही बहुतेक वेळा जाते.

मोबाइलमधून डावा आणि उजवा असे दोन संकेत येतात, रेडिओ मात्र एकाच स्पीकरचा आहे. दोन वायरी एकमेकींना पिळून जोडू नयेत, कारण त्यामुळे मोबाइलचे दोन ॲम्प्लिफायर एकमेकांविरुद्ध ढकलत राहतात. प्रत्येक वायरीत एक किलो-ओहमचा रेझिस्टर घालावा आणि रेझिस्टरची पलीकडची टोके जोडावीत. तेथून पुढे, ट्रान्सफॉर्मर असल्यास त्यातून जाऊन, एक मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावावा. कळीवर असलेले डीसी व्होल्टेज हा कपॅसिटर अडवतो आणि दहा किलो-ओहमच्या कळीबरोबर तो सुमारे सोळा हर्ट्झपर्यंतचा खर्ज जाऊ देतो. इलेक्ट्रोलिटिकऐवजी फिल्मचा घेण्याचे कारण एवढेच, की त्याला धन-ऋण बाजू नसते आणि नवशिक्याची एक चूक आपोआप टळते. कायम जोडणी करण्याआधी काटा दोन केंद्रांच्या मध्ये ठेवून, मोबाइलचा आवाज अगदी कमी ठेवून कपॅसिटरचे टोक वरच्या पायाला नुसते टेकवून पाहावे. गाणे ऐकू आले, की जागा बरोबर सापडली.

पुढचा प्रश्न रेडिओ आणि मोबाइल यांच्यात निवड करण्याचा. डिटेक्टरकडून येणारी वायर वरच्या पायावरून सोडवून केवळ खटक्यावर घेतली, तर अनेक रेडिओंत एक अडचण उभी राहते: ती कळ ही डिटेक्टरचा भारही असते आणि आपोआप आवाज सावरणारी योजना त्याच भारावर अवलंबून असते. भार काढला की रेडिओचा पुढचा भाग बिथरतो आणि त्याची कुरकुर गाण्यात झिरपते. म्हणून सहा पायांचा, दोन रांगांचा डीपीडीटी खटका घ्यावा. पहिल्या रांगेने कळीचे वरचे टोक डिटेक्टर किंवा मोबाइल यांपैकी एकाला जोडावे. दुसऱ्या रांगेने मोबाइल निवडला असता डिटेक्टर आणि कळीचे खालचे टोक यांच्यात कळीइतक्याच रोधाचा रेझिस्टर यावा. सोडवलेली मूळ वायर कापू नये. सोल्डर वितळवून सोडवावी, म्हणजे पुढे ती तशीच परत लावता येते. खटक्यापर्यंतची वायर जाळीची (आतील तारेभोवती धातूच्या जाळीचे आवरण असलेली) घ्यावी आणि जाळी एकाच टोकाला, रेडिओच्या बाजूने, जोडावी. खटक्यासाठी डॅशबोर्डाला भोक पाडू नये. रेडिओच्या खोक्याला मागे असलेल्या हवेच्या फटींतून वायर बाहेर घेऊन खटका डॅशबोर्डाखाली, आधीच असलेल्या एखाद्या बोल्टला पट्टी लावून, त्या पट्टीवर बसवावा.

मोबाइलचा संकेत डिटेक्टरच्या संकेतापेक्षा कित्येक पटींनी मोठा असतो. पहिल्या वेळी मोबाइलचा आवाज पाव भागावर ठेवावा. कळ जरा फिरवताच गाणे फाटत असेल, तर एक किलो-ओहमचे रेझिस्टर बदलून दहा किलो-ओहमचे लावावेत.

ब्लूटूथ हवे असल्यास

आजच्या बऱ्याच मोबाइलना हेडफोनचे भोकच नसते, म्हणून वायरीऐवजी छोटा ब्लूटूथ रिसीव्हर बोर्ड लावणे सोयीचे पडते. त्याचे दोन ध्वनी-पाय वर सांगितलेल्या रेझिस्टरना जोडायचे. बाकी जोडणी तीच राहते. बोर्ड रेडिओच्या खोक्यात ठेवण्याचा मोह टाळावा, कारण लोखंडी पत्र्याच्या आत २.४ गिगाहर्ट्झचा संकेत पोहोचत नाही आणि उलट बोर्डाचा गोंगाट रेडिओच्या नाजूक भागात शिरतो. प्लॅस्टिकच्या लहान डबीत घालून तो डॅशबोर्डाखाली बांधावा.

त्याला पाच व्होल्ट लागतात. गाडी उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असली, तरी इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे ती १४.४ व्होल्टपर्यंत जाते. बारा व्होल्ट घेणारी स्वस्त आयसोलेटेड (आत-बाहेरच्या बाजूंत विजेचा थेट संबंध नसलेली) मॉड्यूल्स दहा टक्क्यांहून अधिक वाढ सहन करीत नाहीत, म्हणून आधी साध्या बक कन्व्हर्टरने (दाब कमी करणाऱ्या बोर्डाने) पाच व्होल्ट करावेत आणि त्यापुढे पाचातून पाच देणारे एक वॅटचे आयसोलेटेड मॉड्यूल लावावे. या पुरवठ्यावर अर्ध्या अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज हवा आणि तो बॅटरीच्या बाजूला हवा, डबीच्या बाजूला नाही; मध्ये वायर घासून शॉर्ट झाली तरी संरक्षण तेव्हाच मिळते. मुंबईत इलेक्ट्रॉनिक भागांच्या लॅमिंग्टन रोडवरील बाजारात हे सगळे एका फेरीत मिळते; ठाण्याहून जाणाऱ्यांनी भागांची यादी मूल्यांसह कागदावर न्यावी असे म्हणण्यापेक्षा, प्रत्येक भाग दोन-दोन घ्यावेत असे मी सुचवीन, कारण पहिल्या कामात एखादा भाग हमखास भाजतो.

गाडीत बसवल्यानंतर

इंजिन बंद ठेवून गाणे स्वच्छ वाजते का पाहावे, मग इंजिन चालू करावे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वर चढणारी शिट्टी डायनॅमोची किंवा अल्टरनेटरची असते. इंजिनाच्या लयीत येणारी टकटक इग्निशनची असते. हा आवाज फक्त रेडिओवर येतो की मोबाइलवरही, हे खटका फिरवून ठरवावे. फक्त रेडिओवर असेल, तर ॲरियलच्या बुडाचे बॉडीशी असलेले अर्थिंग तपासावे. खाडीजवळच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तेथे गंज चढतोच, म्हणून पत्रा घासून चकचकीत करावा, नट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. मोबाइलवरही शिट्टी येत असेल, तर मोबाइलचा चार्जर काढून पाहावा. शिट्टी थांबली, तर दोष दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगचा आहे आणि ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हाच त्यावरचा उपाय आहे.

रेडिओ जागेवर बसल्यावर ॲरियलच्या सॉकेटजवळ असलेला बारीक ट्रिमर स्क्रूही जुळवून घ्यावा. डायलच्या वरच्या टोकाकडे एखादे क्षीण केंद्र लावून स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वाधिक होईल तेथे थांबावे. पुढे चाचणीसाठी ऐरोलीच्या पुलावरून पाम बीच रस्त्यापर्यंत एक फेरी मारावी. कळवा-ऐरोली पट्ट्यात उच्चदाब वाहिन्यांखालून जाताना मध्यम लहरींवर घरघर वाढेल. तो रेडिओचा दोष नाही आणि मोबाइलवर लावताच ती नाहीशी झाली पाहिजे. मोबाइलची जोडणी गाडी हलण्यापूर्वीच करून घ्यावी.

शेवटी, केलेल्या जोडणीची आकृती कागदावर स्वच्छ काढावी, तारीख घालावी, सोडवलेल्या मूळ वायरीचा रंग आणि तिची जागा लिहावी आणि तो कागद, बदललेल्या जुन्या कपॅसिटरसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवावा.